नोकरी सोडून इलेक्ट्रॉनिक्स सल्लागार व्हावं का? इन्स्टॉलेशन आणि बंद पेट्या उलगडण्याच्या कामाबद्दल

अर्धवट_सोल्डर

नमस्कार मंडळी.

नऊ वर्षं एकाच कंपनीत फर्मवेअर लिहितोय. काम वाईट नाही, माणसंही बरी आहेत, पण गेली दोन वर्षं एकाच बोर्डाची तिसरी आवृत्ती चालू आहे आणि माझ्या वाट्याला त्यातलं बॅटरीचं पान तेवढं येतं. सुट्टीच्या दिवशी मात्र लोकांनी आणून दिलेल्या वस्तू उघडत बसतो. मागच्या महिन्यात ओळखीच्या एका चित्रकार बाईंनी प्रदर्शनासाठी हात जवळ नेला की उजळणारी भिंत करून मागितली. केली, चालली, लोक तिच्यासमोरून हलेनात. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

जे लोक स्वतंत्रपणे हेच करतात, म्हणजे इन्स्टॉलेशन बांधणं आणि कागदपत्रं नसलेली उपकरणं उलगडून देणं, त्यांना विचारायचंय: दिवस खरोखर कसा जातो? आणि पेटीत काय आहे हेच माहीत नसताना किती दिवस लागतील हे गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडाने सांगता?

जाता जाता आणखी एक. एका परिचिताने जुना कंट्रोल बोर्ड दिलाय. मुख्य आयसीवरचा नंबर घासून काढलेला, ४० पायांची लांब आयसी. सुरुवात कुठून करू?

जुना_मल्टिमीटर

बोर्डाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. नंबर घासणाऱ्याने पाय घासलेले नसतात. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि पुरवठा कुठे जातो ते बघा. २० नंबरचा पाय ग्राउंड, ४० नंबरचा प्लस, १८ आणि १९ वर क्रिस्टल असं निघालं तर ती ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरच्या घराण्यातली आहे. पुरवठा १० वर आणि ग्राउंड ११ वर निघाला तर एव्हीआर या दुसऱ्या घराण्यातली एटीमेगा१६ किंवा ३२ धरून चाला. मग क्रिस्टलवरचा आकडा वाचा. ११.०५९२ मेगाहर्ट्झ असेल तर खूश व्हा. असला वेडावाकडा आकडा कुणी हौसेने लावत नाही. १२ ने भागा, ३२ ने भागा, ३ ने भागा, बरोब्बर ९६०० उरतात, सिरियलचा (एकेक बिट ओळीने पाठवण्याचा) नेहमीचा वेग, सेकंदाला ९६०० बिटं. म्हणजे बोर्ड कुणाशी तरी सिरियलवर बोलतो, किंवा बनवणारा त्याच्याशी बोलत असे. ८०५१ मध्ये १० नंबरचा पाय ऐकतो, ११ नंबरचा बोलतो. ११ वरून निघालेला ट्रॅक कुठे जातो ते शोधा.

आता मोठा प्रश्न. मला या धंद्यात सतरा वर्षं झाली. दिवस कसा जातो म्हणाल तर पाहिलं ते वहीत लिहिण्यात. सोल्डरिंग आठवड्यातून एखादा दिवस, कोड त्याहून थोडा जास्त, उरलेला वेळ बघणं, लिहिणं, पुन्हा बघणं आणि फोन.

एक काम सविस्तर सांगतो, बाकीची बहुतेक तशीच असतात. एका संग्रहालयात छताला टांगलेला ग्रहांचा मोठा देखावा होता. मोटरी ठणठणीत, मोटरींची पेटी ठणठणीत, पण ज्या बटणांच्या पॅनेलवरून तो फिरवायचे ते पॅनेल मेलेलं. बनवणारी मंडळी धंदा गुंडाळून गेलेली, कागद शून्य. त्यांच्याकडे तसंच एक अर्धमेलं सुटं पॅनेल कपाटात होतं, त्याची सहा बटणं चालत होती. मला हवी तेवढी चावी मिळाली.

पॅनेलपासून पेटीपर्यंत पिळलेल्या दोन तारा आणि एक ग्राउंड. स्कोप (तारेवरच्या व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तर एक तार वर गेली की दुसरी खाली, म्हणजे आरएस-४८५, दोन तारांच्या फरकावर चालणारं सिरियल. सर्वात अरुंद पल्स १०४ मायक्रोसेकंदांची, म्हणजे ९६००. इथवर अर्धा तास. मग तारेवरची बिटं टिपून ठेवणारा लॉजिक अ‍ॅनालायझर लावून एकेक बटण दाबत गेलो. एका वेळी एकच बटण, एकदाच, आणि वहीत वेळेसकट नोंद. दोन बटणं पाठोपाठ दाबून ‘बघू काय होतंय’ करायचा मोह होतो; तो केला की संध्याकाळी कुठली ओळ कुठल्या बटणाची हे कळत नाही.

प्रत्येक संदेश सात बाइटांचा. पहिला नेहमी ०२, शेवटचा नेहमी ०३, त्याच्या आधीचा दर वेळी वेगळा. तो चेकसम, म्हणजे संदेश बिनचूक पोचला का ते ताडायचा आकडा, हे उघड होतं. पण कसला? साधी बेरीज की एक्सॉर (बिटाला बिट ताडून, वेगळी असतील तिथे १)? वेगाचं बटण दाबत दाबत वेग १५ वर आणला आणि एकदा आणखी दाबलं, १६ झाला. १५ म्हणजे ०११११ आणि १६ म्हणजे १००००, पाचही बिटं उलटतात. एक्सॉर असतं तर चेकसमचीही तीच पाच बिटं उलटली असती. तो नुसता एकाने वाढला. ३१ वरून ३२ करून खात्री केली, पुन्हा एकानेच. म्हणजे बेरीज. पण माझी बेरीज त्यांच्यापेक्षा दर वेळी २ ने जास्त येई. या दोनापायी मी चार तास घालवले. सूत्रं मांडली, कॅरी धरून पाहिला, सोडून पाहिला. शेवटी ध्यानात आलं की सुरुवातीचा ०२ ते लोक बेरजेत धरतच नाहीत. एवढंच.

इथे खरं तर काम संपलं होतं. नवीन टचस्क्रीन त्या पेटीशी बोलू शकत होता. पण पेटीकडून उलट येणाऱ्या उत्तरात एक बाइट होता, जो सावकाश बदलत राही. मला चैन पडेना. दोन दिवस त्याच्यामागे लागलो. पेटी हेअर ड्रायरने तापवली तेव्हा आकडा खाली आला, गार होऊ दिली तेव्हा वर गेला. आतल्या थर्मिस्टरचं, म्हणजे तापमानाच्या सेन्सरचं, कच्चं वाचन होतं ते. वक्र मांडला, अंशांत रूपांतर करणारा तक्ता केला, अहवालात दोन पानं घातली. गिऱ्हाइकाने पानं उलटली आणि विचारलं, “हे कशाला?” डोंगर पोखरून उंदीर काढला होता, आणि पोखरायची मजुरी मागायला तोंड नव्हतं.

तुमच्या अंदाजाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पेटी पूर्ण उलगडायला किती दिवस लागतील हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पूर्ण उलगडून कुणाला नकोच असते. गिऱ्हाइकाला एक गोष्ट हवी असते. ती कोणती हे पहिल्याच भेटीत त्याच्या तोंडून एका वाक्यात वदवून घ्या आणि कागदावर लिहा. त्यानंतर मी दोन वेगळे करार करतो. पहिला नुसत्या पाहणीचा: ठरलेले तास, हाती येईल ते लेखी. ‘हे होणार नाही’ असं निघालं तरी तेही पाहणीचं फळच, त्याचेही पैसे घेतो. बांधणीचा आकडा पाहणीनंतर. जे गिऱ्हाईक म्हणतं, “आधी एकूण सांगा,” त्याला हात जोडतो. सुरुवातीला जोडत नव्हतो, म्हणून हे माहीत आहे.

इन्स्टॉलेशनचं दुखणं वेगळं. तिथे सगळं तुम्हीच बनवलेलं असतं, तरी ते तुमचं ऐकत नाही. माझ्या कार्यशाळेत डब्ल्यूएस२८१२बी पट्टीची (एलईडी दिव्यांची रांग, प्रत्येक दिवा सिग्नल पुढच्याला देतो) एक भिंत तीन आठवडे सलग चालली. जागेवर लावली आणि पहिला दिवा वेडा झाला, त्याच्यामागून सगळी रांग. उद्‌घाटनाला तीन तास. कार्यशाळेत कंट्रोलरपासून पट्टीपर्यंत वीतभर वायर होती, तिथे चार मीटर. खरी चूक आधीचीच होती: ही पट्टी ५ व्होल्टवर चालते आणि ‘एक’ ओळखायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट मागते. माझा कंट्रोलर ३.३ देत होता. कार्यशाळेत ती नशिबाने चालली होती, आणि नशीब चार मीटर पुरलं नाही.

बरोबर इलाज म्हणजे मध्ये सिग्नल ३.३ वरून ५ व्होल्टवर चढवणारा ७४एएचसीटी१२५ बसवायचा. तो माझ्याकडे नव्हता. डबीत १एन४००७ डायोड होता. पहिल्या दिव्याच्या ५ व्होल्टच्या तारेत तो घातला. दिव्याला साधारण ४.३ मिळाले, त्याची मागणी ३ व्होल्टवर उतरली, ३.३ त्याला पुरले, आणि त्याने पुढच्या दिव्याला ४.३ चा खणखणीत सिग्नल दिला. तो पहिला दिवा किंचित मंद दिसायचा. माझ्याशिवाय कुणाला दिसला नाही. आठवड्याने जाऊन नीट काम केलं. तेव्हापासून कार्यशाळेतली चाचणी जागेवर असेल तेवढ्याच लांबीच्या वायरीवर घेतो, वायर गुंडाळून ठेवावी लागली तरी.

आणि हो, तीनशे दिव्यांची पट्टी, दिव्याला ६० मिलिअँपिअर, सगळे पूर्ण पांढरे: १८ अँपिअर. पुरवठा एकाच टोकाला दिलात तर दुसरं टोक तांबूस दिसेल, कारण व्होल्टेज उतरलं की निळा आधी दम तोडतो. दोन्ही टोकांना द्या, मध्येही द्या.

शून्य_ओहम

वरचं सगळं मान्य. सुरक्षेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. उलगडायच्या पेटीत थेट मेन्सवर चालणारा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) असेल तर त्याच्या प्रायमरी, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूला प्रोबची ग्राउंड क्लिप लावू नका. बहुतेक स्कोपची क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. मी लावली होती. आवाज झाला, क्लिपचं टोक गेलं, बोर्डाचा अर्धा इंच ट्रॅक गेला, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक शेजारी उभं होतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरन्शिअल प्रोब घ्या. आणि मोठा कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेला असतो. आधी मोजा, मग हात घाला.

अर्धवट_सोल्डर

दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. एक शंका: आतला प्रोग्रॅमच वाचून काढला तर हे बटणं दाबत बसायचं वाचत नाही का? आणि त्यात कायद्याचं काय?

जुना_मल्टिमीटर

वाचतं कधीकधी. पण तो दरवाजा शेवटचा ठेवा. तारेवर काय चाललंय हे ऐकून पेटीला काही होत नाही; प्रोग्रॅम वाचायला गेलात तर होऊ शकतं. माझे हात एकदा चांगले पोळलेत. बोर्डावर एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर होती, वाचनाला कुलूप लावलेलं. सॉफ्टवेअरने विचारलं, कुलूप काढू का? रात्रीचे अकरा वाजलेले, मी हो म्हटलं. त्या चिपमध्ये पहिल्या पातळीचं कुलूप काढलं की आतली फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम ठेवलेली मेमरी, आधी पुसली जाते, कुलपाचा अर्थच तो. डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय, मी वाचलेलंही होतं. गिऱ्हाइकाकडे तो एकच बोर्ड. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. ते दहा मिनिटांचं बोलणं मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. त्या पेटीचं काम शेवटी पूर्ण नव्याने, माझ्या खर्चाने लिहून दिलं.

बाहेर वेगळी आठ पायांची फ्लॅश असेल, २५क्यू६४ वगैरे, तर तुलनेने सोपं. क्लिप लावा, आधी ओळख वाचा. विनबाँडची ६४ मेगाबिटची असेल तर ईएफ ४० १७ यायला हवं. सगळी शून्यं किंवा सगळे एफएफ आले तर क्लिप नीट बसलेली नाही, किंवा तुमच्या पुरवठ्यावर मुख्य प्रोसेसरही जागा होऊन त्याच तारांवर भांडतोय. त्याला रीसेटमध्ये धरून ठेवा. पूर्ण वाचन तीनदा करा आणि तिन्ही फायली ताडून पाहा. तिन्ही एकसारख्या आल्या तरच पुढे. प्रोग्रॅमर डेटाच्या तारांवर ३.३ देतो की ५, हे आधी मोजा; पाकिटावर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

कायद्याचं देशागणिक वेगळं आहे, म्हणून मोठं काम असेल तर वकिलाला विचारूनच. दुसऱ्या यंत्राशी जुळवून घेण्यापुरतं उलगडायला बऱ्याच ठिकाणी वाट ठेवलेली असते. युरोपीय संघाच्या २००९ च्या सॉफ्टवेअर निर्देशातलं सहावं कलम त्यासाठीच आहे, अटींसकट. नक्कल करून विकायला ती वाट नाही. १९८० च्या दशकात आयबीएम पीसीचा बायोस (संगणक चालू होताना पहिला चालणारा प्रोग्रॅम) ज्यांनी सचोटीने पुन्हा लिहिला त्यांनी दोन गट केले होते: एकाने मूळ पाहून ते काय करतं एवढंच लिहून काढलं, दुसऱ्याने मूळ न पाहता त्या वर्णनावरून कोड लिहिला. मी एकटा माणूस, माझे दोन गट होत नाहीत. म्हणूनही मला तारेवर ऐकणं बरं वाटतं: वहीत फक्त बाहेरून दिसलेलं असतं. आणि “या यंत्राचं लायसन्स तपासणं तेवढं काढून द्या” म्हणणारे येतात. त्यांना नाही म्हणतो, कारण द्यायच्या फंदात पडत नाही.

पडद्याआडची

मी टेबलाच्या पलीकडची. प्रकाशयोजना करते, तुमच्यासारख्यांकडून पेट्या करून घेते, तेव्हा गिऱ्हाइकाची बाजूही ऐका.

एका कायमस्वरूपी दालनासाठी एकाने डीएमएक्सवर (दिव्यांना आज्ञा पाठवायची पद्धत, एका तारेवर ५१२ चॅनेल) चालणारा सुंदर कंट्रोलर करून दिला होता. अडीच वर्षं एकदाही तक्रार नाही. मग दोन चॅनेल वाढवायची वेळ आली, ५१२ पैकी आम्ही जेमतेम ४० वापरत होतो, म्हटलं पाच मिनिटांचं काम. करणारा माणूस दुसऱ्या कामात, फोन उचलेना. सोर्स कोड नाही, सर्किटचा कागद नाही, पेटीवर नाव नाही, आत आयसीचे नंबर घासलेले. आमच्याच पैशांनी बनलेली वस्तू आम्ही दुसऱ्याकडून उलगडून घेतली. म्हणजे तुमच्यातला एक जण दुसऱ्याला काम पुरवतो आणि मधल्या मध्ये आम्ही.

आता मी शेवटचा हप्ता देण्याआधी चार वस्तू मागते: कोड, सर्किट, सुट्या भागांची यादी आणि जागेवर चिकटवलेला एक कागद, ज्यावर रात्री दालन बंद करणाऱ्या माणसाला समजेल असं लिहिलेलं असेल. चौथी सगळ्यात कठीण. इंजिनिअर लोकांना ‘बंद करा, दहा मोजा, चालू करा’ एवढं लिहायचा कमीपणा वाटतो.

जुना_मल्टिमीटर

ताई, चौथ्या कागदाचं शंभर टक्के. माझी एक पेटी दर चार-पाच महिन्यांनी मरायची. कारण शोधायला एक संध्याकाळ तिथेच बसून राहिलो. साडेआठला रखवालदार आला आणि त्याने मुख्य खटका खाली ओढला. रोजच ओढत होता, त्याचं कामच ते. आतल्या छोट्या संगणकाचं मेमरी कार्ड लिहिता लिहिता वीज जायची आणि एखाद्या दिवशी फाइल सिस्टिम बसायची. मी त्याला ‘आधी शटडाऊन करा’ शिकवू शकलो असतो. त्याऐवजी कार्ड फक्त वाचनापुरतं करून टाकलं आणि अडकलं की आपोआप रीसेट करणारा वॉचडॉग लावला. आता तो खटका हवा तेव्हा ओढो.

नंबर मी घासत नाही. एकदा सहा वर्षांपूर्वीची माझीच पेटी दुरुस्तीला आली. कोड सापडेना. माझीच पेटी, माझाच प्रोटोकॉल, आणि मी लॉजिक अ‍ॅनालायझर लावून एकेक बटण दाबत वहीत लिहीत बसलो. चेकसम काय ठेवलाय तेही आठवेना. हे त्या गिऱ्हाइकाला आजवर सांगितलेलं नाही.

अर्धवट_सोल्डर

बोर्डाची खबर. २० ग्राउंड, ४० प्लस, क्रिस्टल ११.०५९२! ११ नंबरचा पाय मॅक्स२३२ कडे (सिग्नल आरएस२३२ सिरियलच्या व्होल्टेजवर नेणारी आयसी) जातो, तिथून तीन पिनांच्या रिकाम्या कनेक्टरवर. यूएसबी-आरएस२३२ केबल जोडली. ९६०० वर नुसता कचरा येतोय, पण दर सेकंदाला येतो आणि बराचसा तोच तो.

जुना_मल्टिमीटर

तोच तो कचरा म्हणजे तो कचरा नाही. फक्त वेग चुकलाय. स्कोपवर सर्वात अरुंद पल्स मोजा.

अर्धवट_सोल्डर

२०८ मायक्रोसेकंद. ४८०० वर लावलं आणि स्वच्छ अक्षरं आली! दर सेकंदाला एक ओळ, त्यात दोन आकडे. पहिला खोलीचं तापमान असणार, सेन्सर चिमटीत धरला की चढतो. दुसरा अजून कळलेला नाही, ० आणि १ मध्येच खेळतो. रात्रभर सगळं नोंदवून ठेवतोय, उद्या १० नंबरच्या पायावर आज्ञा पाठवून बघणार आहे.

जुना_मल्टिमीटर

झकास. पण बोर्डाच्या मालकाला काय हवंय?

अर्धवट_सोल्डर

त्याला बझरचा आवाज बंद करून हवाय.

जुना_मल्टिमीटर

मग बझरचा एक पाय सोल्डरमधून सोडवा, आणि तो दुसरा आकडा काय निघाला ते मला जरूर कळवा.